दुनहुआंग : वाळवंटाच्या तोंडावरचं शेवटचं पाणी

मृगनक्षत्र (धागाकर्ती)

रेशीम मार्गाची चर्चा निघाली की उंट, रेशीम आणि मार्को पोलो हे तिघे आधी येतात. दुनहुआंगवर लिहायचं बरेच दिवस मनात होतं, आणि वाचत गेले तसं वाटलं की या शहराची गोष्ट पाण्यापासूनच सांगायला हवी.

आधी नकाशा. चीनच्या वायव्येला गान्सू प्रांत आहे. त्याच्या पश्चिम भागात सुमारे हजार किलोमीटर लांबीची एक चिंचोळी पट्टी आहे, तिला हशी कॉरिडॉर म्हणतात. दक्षिणेला छिलिएन पर्वत, त्याची शिखरं पाच हजार मीटरच्या वर जाणारी, बर्फ असलेली. उत्तरेला गोबीचं वाळवंट. चीनच्या मध्य भागातून पश्चिमेकडे जायचं तर सैन्याला काय आणि व्यापाऱ्याला काय, हीच सोयीची वाट. पर्वतावरचा बर्फ वितळून छोट्या छोट्या नद्या खाली येतात, वाळवंटात शिरून जिरतात, आणि जिथे जिरतात तिथे हिरवळ तयार होते. वूवेई, झांगये, जिउछ्वान आणि सर्वांत पश्चिमेचं दुनहुआंग ही सगळी अशीच वसलेली गावं.

दुनहुआंगला पाणी देते ती दांग नदी. पाऊस तिथे वर्षाला जेमतेम ४० मिलिमीटर पडतो आणि बाष्पीभवनाची क्षमता त्याच्या पन्नास-साठ पट. म्हणजे पावसावर तिथे काहीही पिकत नाही, जे आहे ते छिलिएनच्या बर्फाचं. आजच्या दुनहुआंगच्या हद्दीचं क्षेत्रफळ ३१ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, पण त्यातला हिरवा भाग साडेचार टक्क्यांच्या घरात. बाकी रेती, खडी आणि क्षार.

या हिरव्या तुकड्याच्या पश्चिमेला लोपचं वाळवंट आणि त्यापलीकडे तकलामकान. रस्ता इथे फुटतो. एक वाट नैऋत्येला यांगग्वान नाक्यातून मीरान, चेरचेन, खोतान करत काशगरला जाते. दुसरी वायव्येला यूमेन नाक्यातून लोउलानमार्गे कुचाकडे. तिसरी उत्तरेला हामी आणि तुर्फानकडे. तिन्ही वाटांवर निघण्याआधी पखाली भरून घ्यायची शेवटची खात्रीची जागा दुनहुआंग, आणि तिकडून येणाऱ्याला पहिलं पाणी मिळायचं तेही इथेच. शहराचं सगळं महत्त्व एवढ्यातून आलेलं आहे.

इतिहासही इथूनच सुरू होतो. हान सम्राट वू याने इ.स.पू. १३८ मध्ये झांग छियान याला पश्चिमेकडे युएझी लोकांच्या शोधात पाठवलं. शिओंग्नू टोळ्यांविरुद्ध दोस्त हवा होता. झांग छियान शिओंग्नूंच्या कैदेत वर्षानुवर्षं अडकला आणि तेरा वर्षांनी परत आला. मैत्री जुळली नाही, पण पश्चिमेला कोणते देश आहेत, तिथे घोडे कसे आहेत याची माहिती मिळाली. इ.स.पू. १२१ मध्ये हुओ छूबिंग या तरुण सेनापतीने हशीतून शिओंग्नूंना हुसकावलं. मग तिथे एकेक करून चार लष्करी-प्रशासकीय जिल्हे उघडले गेले, त्यांतला टोकाचा दुनहुआंग. सैनिक आणले, त्यांना जमिनी दिल्या, कालवे काढले, सीमेवर तटबंदी आणि बुरूज उभारले. इ.स. २ च्या जनगणनेत दुनहुआंगची नोंद ११,२०० घरं आणि ३८,३३५ माणसं अशी आहे. वाळवंटाच्या कडेला ३८ हजार लोक, आणि त्यांचं धान्य बहुतांशी तिथेच पिकवायचं.

इ.स.पू. १०४ मध्ये ली ग्वांगली हा सेनापती मध्य आशियातल्या फरगाण्याच्या घोड्यांसाठी निघाला आणि वाटेत उपासमारीने सैन्य गमावून दुनहुआंगला परतला. सम्राट इतका संतापला की यूमेन नाक्याच्या आत पाऊल टाकणाऱ्याचं डोकं उडवा असा हुकूम निघाला. सैन्य दुनहुआंगलाच थांबलं. मग तिथेच साठ हजारांची नवी फौज, एक लाख बैल आणि तीस हजारांवर घोडे जमवले गेले, आणि दुसऱ्या स्वारीत घोडे मिळाले. एवढ्या जनावरांना पाणी पाजू शकणारं गाव ते. मला हा प्रसंग कुठल्याही लढाईच्या वर्णनापेक्षा जास्त बोलका वाटतो.

शहराजवळच्या मोगाओच्या बौद्ध लेण्यांवर आणि तिथे सापडलेल्या ग्रंथांच्या कोठडीवर खाली प्रतिसादांत बोलूच. ज्यांना माहिती आहे त्यांनी जरूर भर घालावी.

---

गिरणाकाठ

फार छान सुरुवात, ताई. पाण्याचा मुद्दा वाचून एक विचारतो. एवढ्याशा नदीवर हजारो लोक शेती करत होते तर पाणीवाटपाचे नियम असणारच. आमच्याकडे खानदेशात पांझरेवर फड पद्धत आहे. बंधारा, पाट, पाटकरी, पाण्याची पाळी, आणि पाटाच्या साफसफाईला प्रत्येक घरातून माणूस. दुनहुआंगला असं काही होतं का?

---

मृगनक्षत्र

@गिरणाकाठ, होतं, आणि त्याचे कागद आजही आहेत. मोगाओच्या कोठडीत जे ग्रंथ सापडले त्यांत बौद्ध सूत्रं बहुसंख्य असली तरी रोजच्या व्यवहाराचे कागदही बरेच आहेत. तांग काळातली (सातवं ते दहावं शतक) दुनहुआंगच्या पाणीवाटपाची नियमावली त्यात आहे. कोणत्या कालव्याला आधी पाणी, मग कोणत्याला, वर्षातून केव्हा केव्हा पाळी, सगळं कालव्यांच्या नावांनिशी. तो कागद पॅरिसला आहे.

त्याहून मला आवडतात त्या कालवेकऱ्यांच्या सूचना, नवव्या-दहाव्या शतकातल्या. कालव्याचं काठ खचलं किंवा पूर यायची भीती असली की एक फिरती चिठ्ठी निघायची. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, फावडं आणि झाडोऱ्याची मोळी घेऊन या. उशिरा येणाऱ्याला फटके, न येणाऱ्याला त्याहून जबर दंड. खाली सगळ्यांची नावं. ज्याने वाचली त्याने आपल्या नावापाशी खूण करून चिठ्ठी पुढच्या घरी द्यायची. अडवून ठेवली तर त्यालाही शिक्षा.

झाडोरा कशाला, तर रेताड जमिनीत काठ टिकत नाही, म्हणून फांद्यांचे थर घालून बांध घालायचा. सीमेवरची हान काळातली तटबंदीही तशीच बांधली आहे. दगड नाही, विटा भाजायला सरपण नाही, म्हणून बोरूच्या आणि झाऊच्या जुड्यांचा एक थर, खडीचा एक थर. जमिनीतल्या क्षारांनी ते सगळं घट्ट धरलं. यूमेन नाक्याजवळ ती भिंत दोन हजार वर्षांनंतरही उभी आहे, जुड्या दिसतात.

---

अश्मक

उत्तम धागा. मोगाओबद्दल थोडं मी लिहितो. अजिंठ्याच्या निमित्ताने या लेण्यांचा नाद लागला.

शहराच्या आग्नेयेला २५ किलोमीटरवर एका ओढ्याच्या काठी दीडेक किलोमीटर लांबीचा कडा आहे. इ.स. ३६६ मध्ये युएझुन नावाच्या भिक्षूला समोरच्या सानवेई डोंगरावर सोनेरी प्रकाश दिसला आणि त्याने तिथे पहिलं लेणं खोदलं, अशी परंपरा आहे. ते सर्वांत जुनं लेणं आज ओळखता येत नाही. आज उभी असलेली जुनी लेणी पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातली मानतात. नंतर हजार वर्षं खोदकाम चालू राहिलं. एकूण ७३५ लेणी, त्यांतल्या ४९२ मध्ये चित्रं किंवा मूर्ती, ४५ हजार चौरस मीटर भित्तिचित्रं आणि दोन हजारांवर मातीच्या मूर्ती.

मातीच्या का, हे लक्षात घेण्यासारखं आहे. सह्याद्रीचा बसाल्ट कातळ कठीण आणि एकसंध, त्यात खांब, मूर्ती, नक्षी थेट कोरता येते. मोगाओचा कडा म्हणजे नदीने आणलेले गोटे आणि खडी चिकटून झालेला खडक. छिन्नी लावली की गोटे निखळतात. म्हणून तिथे खोली खोदायची, भिंतींना माती आणि भुशाचा गिलावा करायचा, त्यावर चित्रं काढायची आणि मूर्ती लाकूड-बोरूच्या सांगाड्यावर मातीने घडवायच्या. दगडाने कारागिरांना रंगाकडे वळवलं, असं मी मानतो. ३५ मीटरची बुद्धमूर्ती मात्र कड्यातच ढोबळ आकार काढून वर मातीने पूर्ण केली आहे. ती इ.स. ६९५ ची, सम्राज्ञी वू झेतियनच्या काळातली.

मातीचा गिलावा अजिंठ्यातही आहेच. आणि निळा रंग दोन्हीकडे एकच : बदख्शानच्या खाणींतला लाजवर्द. आजच्या अफगाणिस्तानातला हा दगड पाचव्या-सहाव्या शतकात पूर्वेला गोबीच्या कडेपर्यंत आणि दक्षिणेला वाघूर नदीच्या घळीपर्यंत जात होता. अजिंठ्यात सतराव्या लेण्यासमोर उभं राहिलं की मला या गोष्टीची दर वेळी आठवण होते.

अजून एक. लेणं क्रमांक २८५, त्यात इ.स. ५३८-५३९ चे लेख आहेत. मधे दालन, दोन्ही बाजूंना ध्यानाच्या छोट्या कोठड्या, म्हणजे आपल्या विहाराचाच आराखडा. त्याच्या पश्चिम भिंतीवर बुद्धाच्या कोनाड्याशेजारी महेश्वर, कुमार आणि गजमुख विनायक रंगवलेले आहेत. चीनमध्ये सापडणाऱ्या गणपतीच्या अगदी जुन्या रूपांपैकी हे एक. तिथे तो बौद्ध धर्माचा रक्षक म्हणून आला आहे, आपल्यासारखा स्वतंत्र दैवत म्हणून नाही.

---

सई_वाचते

२८५ बद्दल वाचून अंगावर काटा आला. अश्मक, ह्युएन त्संग दुनहुआंगवरूनच आला होता ना? तो महाराष्ट्रातही येऊन गेला असं शाळेत शिकलो होतो.

---

अश्मक

@सई_वाचते, जाताना दुनहुआंगवरून नाही, परतताना. हा फरक या धाग्याच्या विषयाशी थेट जोडलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फाहियान इ.स. ३९९ मध्ये निघाला तो दुनहुआंगवरूनच गेला. तिथल्या अधिकाऱ्याने, ली हाओने, त्याला वाळवंटाच्या प्रवासाची शिधासामग्री दिली. मग सतरा दिवस लोपच्या वाळवंटातून. वर पक्षी नाही, खाली जनावर नाही, वाट ओळखायची ती मेलेल्या माणसांच्या हाडांवरून, असं त्याने लिहून ठेवलं आहे.

ह्युएन त्संग इ.स. ६२९ च्या सुमारास निघाला तेव्हा सीमा ओलांडायला बंदी होती. तो दुनहुआंगच्या पूर्वेच्या ग्वाझोऊवरून रात्री चोरून नदी पार करून, बुरुजांना चुकवत हामीच्या दिशेने गेला. वाळवंटात त्याची पाण्याची पखाल हातातून निसटून सांडली, आणि चार रात्री पाच दिवस त्याने पाण्यावाचून काढले. शेवटी घोड्यानेच त्याला हिरवळीपाशी नेलं. पुढे इ.स. ६४१ च्या आसपास तो महाराष्ट्रात आला. दुसऱ्या पुलकेशीचं आणि इथल्या लोकांच्या स्वाभिमानाचं वर्णन त्याने केलं आहे. राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगरात, काळोख्या दरीत असलेल्या आणि बाहेर दगडी हत्ती असलेल्या एका विहाराबद्दलही त्याने लिहिलं. ते अजिंठाच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तो विहार 'अचल' नावाच्या अर्हताने बांधवला असं तो सांगतो, आणि सव्विसाव्या लेण्यातल्या शिलालेखात स्थविर अचलाचं नाव आहे. परतताना तो खोतानकडून दक्षिणेच्या वाटेने दुनहुआंगला पोचला आणि ६४५ मध्ये राजधानी चांगआनला गेला.

---

नकाशेवाला

अश्मक यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. फाहियान लोपमधून गेला, ह्युएन त्संग हामीकडून. मधल्या दोन-सव्वादोनशे वर्षांत रस्ताच सरकला होता.

लोउलान हे लोप सरोवराच्या काठचं गाव. तिथे तारीम आणि कोंचे या नद्यांचं पाणी यायचं. चौथ्या शतकात ते गाव ओस पडलं. नद्यांनी पात्र बदललं, वरच्या बाजूला पाणी वापरलं गेलं, राजकीय अस्थिरता होती, कारणं एकत्र असावीत. पण मधला मुक्काम गेला की सगळी वाटच गेली. मग लोक हामीची उत्तरेची वाट धरू लागले, आणि तिच्यासाठी ग्वाझोऊवरून वळणं जवळ पडतं. तांग काळात यूमेन हा नाकाच दुनहुआंगच्या वायव्येकडून उठून ग्वाझोऊजवळ गेला होता. नाव तेच, जागा दुसरी. जुने प्रवासी वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं, नाहीतर नकाशावर गोंधळ उडतो.

म्हणजे दुनहुआंगचा ऱ्हास सागरी व्यापारामुळे झाला असं बऱ्याचदा म्हटलं जातं, पण हे सरसकट विधान मला पटत नाही. समुद्रमार्गाने माल जाऊ लागला हे खरं, पण त्याच्या कितीतरी आधी मुख्य वाटेने दुनहुआंगला बगल द्यायला सुरुवात केली होती. दक्षिणेची वाट चालू राहिली म्हणून शहर तगलं. मार्को पोलो तेराव्या शतकात इथून गेला. तो म्हणतो की इथले लोक व्यापार करत नाहीत, शेतीवर जगतात. रेशीम मार्गाच्या सर्वांत प्रसिद्ध शहराबद्दलची ही साक्ष आहे.

मिंग राजांनी १३७२ मध्ये पूर्वेला जियायूग्वान किल्ला बांधला आणि सीमा तिथे ठरली. दुनहुआंग बाहेर राहिलं. १५२४ मध्ये तो दरवाजा बंद झाला, आणि पुढची दोनशे वर्षं या हिरवळीत भटक्या मेंढपाळांशिवाय फारसं कोणी राहिलं नाही. १७२० च्या दशकात छिंग सरकारने गान्सूच्या इतर भागांतून शेतकरी आणून पुन्हा वसवलं. आजचे दुनहुआंगकर बहुतांशी त्या वसाहतीचे वंशज.

विसाव्या शतकातही तेच घडलं. लानझोऊ-उरुमची लोहमार्ग दुनहुआंगला न येता उत्तरेला सव्वाशेएक किलोमीटरवरच्या लिउयुआनवरून गेला. शहरात रेल्वे आली ती २००६ मध्ये, आणि दक्षिणेला गोलमुदपर्यंतचा मार्ग २०१९ मध्ये पूर्ण झाला. त्यामुळे जुन्या दक्षिणेच्या दिशेने दुनहुआंग पुन्हा जोडलं गेलं.

---

तिठा

वाचतोय, सुरेख चर्चा. एक शंका. इथे व्यापारी नेमके कोण होते? चिनी लोक रोमपर्यंत जायचे असं कुठेतरी वाचलं होतं.

---

मृगनक्षत्र

@तिठा, असा एकच माणूस टोकापासून टोकापर्यंत गेल्याची उदाहरणं जवळजवळ नाहीत. माल हातोहात पुढे सरकायचा. दुनहुआंगच्या टप्प्यात मुख्य व्यापारी सोग्दियन, म्हणजे समरकंद-बुखाऱ्याकडचे लोक.

१९०७ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनला दुनहुआंगच्या पश्चिमेच्या एका पडक्या बुरुजात सोग्दियन पत्रांचं एक टपाल सापडलं. इ.स. ३१३ च्या आसपासचं. पत्रं पोचलीच नाहीत. एकात एक व्यापारी समरकंदच्या मालकांना कळवतो की चीनची राजधानी लोयांग जळालं, तिथले आपले लोक उपासमारीने गेले. कस्तुरीच्या मालाचा आणि घरच्या मुलासाठी ठेवलेल्या पैशांचा हिशेबही त्यात आहे.

दोन पत्रं मीवनाय नावाच्या बाईची आहेत, दुनहुआंगमधून लिहिलेली. नवरा नानाइ-धात तिला आणि मुलगी शायनला तिथे सोडून गेला. तीन वर्षं अडकली. जायला पैसे नाहीत, नवऱ्याच्या माणसाकडे मागितले तर टोलवाटोलव. मुलीने शेवटी दोन ओळी जोडल्या आहेत, की एकाच्या कर्जापायी आम्हाला चिनी लोकांकडे चाकरी करावी लागते. तुझी बायको होण्यापेक्षा कुत्र्याची नाहीतर डुकराची झाले असते तर बरं, इतकं मीवनाय नवऱ्याला लिहिते. रेशीम मार्गावर मी जे जे वाचलं, त्यात या बाईचा आवाज मला सर्वांत जवळचा वाटतो. राजे, सेनापती, भिक्षू यांच्याबद्दल इतकं लिहिलं जातं आणि हिच्याबद्दल इतकं कमी, याचं वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट, या रस्त्यावरची बरीचशी ये-जा सरकारी होती. दुनहुआंगच्या पूर्वेला साठेक किलोमीटरवर श्वानछ्वान इथे हान काळातलं टपालाचं आणि मुक्कामाचं ठाणं १९९० ते १९९२ मध्ये उकरलं. डोंगरातल्या एका झऱ्याच्या आधाराने ते वसलं होतं. तिथे लेख असलेल्या वीस हजारांवर लाकडी पट्ट्या मिळाल्या. कोणत्या पाहुण्याला किती कोंबड्या वाढल्या याची इ.स.पू. ६२ ची वही आहे. इ.स.पू. ३९ ची एक तक्रार आहे. मध्य आशियातल्या कांगजू देशाचे दूत म्हणतात, आम्ही पांढरे लठ्ठ उंट आणले होते, जिउछ्वानच्या अधिकाऱ्यांनी आम्हाला न बोलावता मोल केलं आणि नोंदीत ते पिवळे आणि रोडके करून टाकले. वरून चौकशीचा हुकूम सुटला, तोही सापडला आहे.

आणि रेशीम इथे बऱ्याच प्रमाणात पगार म्हणून यायचं. तांग सरकार सीमेवरच्या फौजेला रेशमाचे तागे पाठवायचं, कारण नाणी अपुरी पडत. ७४५ मध्ये दुनहुआंगच्या एका छावणीला १५ हजार तागे दोन खेपांत आले. ते तागे सैनिकांच्या हातून बाजारात फिरत. ७५५ नंतर तांग राज्य बंडात सापडलं, फौजा मागे गेल्या आणि ही आवक थांबली. ७८० च्या दशकात तिबेटी लोकांनी दुनहुआंग घेतलं. ८४८ मध्ये झांग यीछाओ या स्थानिक पुढाऱ्याने त्यांना हुसकावलं. नंतर झांग आणि ९१४ पासून साओ घराण्याने जवळजवळ स्वतंत्र राज्य चालवलं. मग तांगुत, १२२७ मध्ये मंगोल.

---

सह्यमेघ

स्टाइनचं नाव निघालंच आहे तर विचारतो. त्याला आपण संशोधक म्हणायचं की लुटारू? मला तरी हा सरळ डाका वाटतो.

---

नकाशेवाला

@सह्यमेघ, क्रम पाहू. १९०० मध्ये वांग युआनलू या ताओ साधूला सोळाव्या लेण्याच्या वाटेत भिंतीमागे एक कोठडी सापडली, आजचं लेणं १७. मुळात ती होंगबियेन या भिक्षूची स्मारककोठडी. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला ती ग्रंथांनी भरून बंद केली होती. तारीख असलेला शेवटचा कागद १००२ चा. का बंद केली यावर मतं दोन : जीर्ण पवित्र ग्रंथ ठेवायची जागा, किंवा १००६ मध्ये खोतान पडल्यावरची आक्रमणाची भीती. आत पन्नास हजारांच्या आसपास कागद, गुंडाळ्या आणि रेशमी चित्रं.

वांगने अधिकाऱ्यांना कळवलं. वाहतुकीचा खर्च नको म्हणून त्यांनी १९०४ मध्ये कोठडी पुन्हा बंद ठेवायला सांगितलं. १९०७ ला स्टाइन आला. त्याचा सहायक जियांग श्याओवान होता. वांग ह्युएन त्संगचा भक्त, हे ओळखून स्टाइनने आपणही त्या भिक्षूच्या मागावर भारतातून आलो असं सांगितलं. चांदीच्या चार लगडी देऊन २४ पेट्या ग्रंथ आणि पाच पेट्या चित्रं नेली. पुढच्या वर्षी फ्रेंच अभ्यासक पेलिओ आला. त्याला चिनी उत्तम यायची, त्याने तीन आठवडे मेणबत्तीच्या उजेडात बसून निवडून निवडून नेलं. मग जपानी, मग स्टाइन पुन्हा, मग रशियाचा ओल्डेनबुर्ग. १९२४ मध्ये अमेरिकेच्या वॉर्नरने भिंतीवरची चित्रंच रसायन लावून सोलून नेली. त्याला तर माझ्याकडे कसलीच क्षमा नाही.

---

सह्यमेघ

म्हणजे चार लगडींत ८६८ सालचं छापील वज्रच्छेदिका सूत्र गेलं. जगातला तारीख असलेला सर्वांत जुना छापील ग्रंथ. भोळ्या माणसाच्या श्रद्धेचा वापर करून घेतलेली वस्तू विकत घेतली असं मी मानणार नाही.

---

अश्मक

सह्यमेघ, तुमचा राग मला समजतो आणि बराचसा पटतो. फक्त वांगवर सगळा दोष टाकू नये. त्याने त्या पैशातून लेण्यांतली वाळू उपसली, डागडुजी केली. १९१० मध्ये उरलेले ग्रंथ बीजिंगला नेताना वाटेत अधिकाऱ्यांच्या हातून कितीतरी गळाले. १९२१ च्या सुमारास पळून आलेल्या रशियन सैनिकांना याच लेण्यांत ठेवलं होतं, त्यांच्या चुलींची काजळी चित्रांवर अजून आहे.

आणि आपणही यात थोडे वाटेकरी आहोत. स्टाइनच्या त्या मोहिमेचा तीन पंचमांश खर्च तेव्हाच्या भारत सरकारने केला होता, उरलेला ब्रिटिश म्युझियमने. म्हणूनच दुनहुआंगची रेशमी चित्रं आणि पताका दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आल्या. परत देण्याची चर्चा करायची तर लंडन आणि पॅरिससोबत दिल्लीचंही नाव घ्यावं लागेल, हे मी प्रामाणिकपणे मांडतो.

---

सई_वाचते

दिल्लीतला संग्रह मी पाहिला आहे. मध्य आशियाच्या दालनात त्या वेळी माझ्याशिवाय कोणीच नव्हतं. पाटीवर 'दुनहुआंग' वाचलं होतं, पण ते इतकं सगळं आहे हे आज कळलं. आभार सगळ्यांचे.

कोठडीत फक्त बौद्ध ग्रंथच होते का?

---

मृगनक्षत्र

@सई_वाचते, मुख्यतः बौद्ध, पण चिनी, तिबेटी, खोतानी, संस्कृत, सोग्दियन, उईगुर अशा कितीतरी भाषांत. एक हिब्रू प्रार्थनेचा कागद आहे, ख्रिस्ती स्तोत्राचं चिनी रूप आहे. तेराशेहून अधिक ताऱ्यांचा सातव्या शतकातला नकाशा आहे. आदल्या रात्री दारू पिऊन गैरवर्तन केल्याबद्दल यजमानाची माफी मागणाऱ्या पत्राचा तयार मसुदा आहे. ९५९ मधल्या महिला मंडळाचा लेखी करार आहे : सभासदाच्या घरी मर्तिक झालं तर प्रत्येकीने तेल, पीठ, धान्य द्यायचं, भांडण केलं तर दंड.

कागद टिकला तो कोरड्या हवेने. ज्या कोरडेपणाशी तिथल्या लोकांनी दोन हजार वर्षं झुंज दिली त्यानेच त्यांचे हिशेब आपल्यापर्यंत पोचवले.

---

गिरणाकाठ

आणि आज नदीची काय स्थिती?

---

नकाशेवाला

@गिरणाकाठ, चिंतेची. १९७० च्या दशकात दांगवर धरण झालं, शेती आणि लोकवस्ती वाढली, विहिरी वाढल्या, भूजल खाली गेलं. शहराच्या दक्षिणेला वाळूच्या टेकड्यांमध्ये चंद्रकोरीच्या आकाराचं एक तळं आहे, भूजलावर जगणारं. १९६० नंतरच्या तीसेक वर्षांत ते आटत आटत काही भागात एक मीटरहूनही उथळ झालं. २००६ पासून आजूबाजूला पाणी मुरवून ते टिकवलं जात आहे. २०११ मध्ये दुनहुआंगच्या पाण्याचा सर्वंकष आराखडा मंजूर झाला : कालव्यांना अस्तर, ठिबक, लागवडीवर मर्यादा, शूले नदीत वरून पाणी सोडणं. शूले ही उत्तरेकडून पश्चिमेला लोपच्या दिशेने वाहणारी नदी, दांग पूर्वी तिला मिळत असे. पश्चिमेच्या पाणथळीत आता पुन्हा काही पाणी पोचतं.

लेण्यांनाही पाण्याचाच त्रास आहे. माणसांच्या श्वासातली ओल आणि खडकातले क्षार मिळून चित्रांचा गिलावा सुटतो. म्हणून दिवसाला साधारण सहा हजार लोकांनाच पूर्ण फेरीचं तिकीट मिळतं. १९४४ पासून चांग शूहोंग आणि पुढे फान जिनशी यांनी त्या वाळवंटात आयुष्यं घालवून ही लेणी राखली. त्यांच्यावर स्वतंत्र धागा हवा.

---

तिठा

जायचं झालं तर कधी जावं? आणि लेणी नीट पाहायला मिळतात का?

---

अश्मक

@तिठा, मे-जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी खूप, हिवाळ्यात कडाक्याची थंडी पण लेणी निवांत. मोगाओचं तिकीट आधी ऑनलाइन घ्या. पूर्ण तिकिटात आधी दोन माहितीपट दाखवतात, मग बसने नेऊन वाटाड्यासोबत आठेक लेणी. आत फोटो काढता येत नाहीत, दिवेही नसतात, वाटाड्याची विजेरी तेवढी. कोणती लेणी दाखवणार हे तेच ठरवतात. २८५ किंवा व्यापारी आणि दरोडेखोरांचं चित्र असलेलं ४५ यांसारख्या खास लेण्यांना वेगळं तिकीट लागतं आणि ती रोज उघडी असतीलच असं नाही. यूमेन नाका ९० किलोमीटरवर आहे, त्याला पूर्ण दिवस ठेवा. आणि निघण्याआधी 'डिजिटल दुनहुआंग'च्या संकेतस्थळावर तीसेक लेणी आतून फिरून बघा, प्रत्यक्ष गेल्यावर त्या अंधारात काय शोधायचं ते कळतं.